आकाशाचा ताळेबंद व शेतकऱ्याची सही

गेल्या रब्बीच्या पेरण्या चालू असतां आमच्या संघाच्या कांहीं सभासदांकडे एका कंपनीचे प्रतिनिधि येऊन गेले. त्यांच्याजवळ इंग्रजींत छापलेला एक करारनामा होता. शेतकऱ्यानें आपल्या जमिनींतील सेंद्रिय कर्ब वाढवावा, कंपनीनें तो मोजावा, त्याबद्दलचे दाखले करून ते कारखानदारांस विकावे, आणि आलेल्या रकमेंतून शेतकऱ्यास एकरीं कांहीं शेंकडे रुपये द्यावे, असा त्याचा मथितार्थ. मुदत वीस वर्षांची. चौघांनीं जागच्या जागीं सह्या केल्या. बाकीच्यांनीं 'संघास विचारून सांगतों' म्हणून ते कागद कचेरींत आणून दिले, आणि तेव्हांपासून सही करावी कीं न करावी हा एकच प्रश्न आम्हांस बाजारांत, बसस्थानकावर व लग्नकार्यांतहि विचारला जात आहे. त्याचें उत्तर एका शब्दांत देणें कठीण नव्हतें. परंतु कारण समजल्यावांचून घेतलेलें उत्तर पुढच्या वर्षीं दुसरा प्रतिनिधि दारांत आला म्हणजे उपयोगीं पडत नाहीं. म्हणून या अंकांतील नेहमींची जागा आम्ही या विषयास देत आहों.

ताळेबंद हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. अहिल्यानगर (पूर्वींचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं पावसाळा सरल्यावर गांवकरी ग्रामसभेंत बसून पडलेला पाऊस व उपलब्ध पाणी यांचा हिशेब मांडतात, आणि पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून उरलेल्यांत कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवितात. तेथें शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास आणि ऊंस व केळी लावण्यास बंदी आहे. या पद्धतीचें मर्म असें कीं, प्रथम एकंदर शिल्लक किती तें ठरतें आणि मागाहून खर्च ठरतो. आपण बाकीचे याच्या अगदीं उलट करतों; आधीं ऊंस लावतों आणि मग पाणी कोठें आहे तें शोधीत फिरतों. हवामानाच्या शास्त्रांत अलीकडे जी मोठी गोष्ट घडली ती हीच कीं, शास्त्रज्ञांनीं आकाशाची एकंदर शिल्लक किती आहे तें आंकड्यांनिशीं मांडून दाखविलें.

हवेंतील कर्बवायु, ज्यास रसायनशास्त्रांत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, हें पिकांचें अन्न आहे हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. त्याचा दुसरा गुण असा कीं, सूर्याचा प्रकाश तो आंत येऊं देतो, परंतु तापलेल्या भूमींतून परत जाणारी उष्णता तो अडवितो. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनीं १८९६ सालींच हवेंतील या वायूचें प्रमाण वाढल्यास पृथ्वी किती तापेल याचें गणित केलें होतें. पुढें १९३८ सालीं इंग्लंडांतील कॅलेंडर नांवाच्या गृहस्थांनीं, जे व्यवसायानें वाफेच्या शास्त्रांतले इंजिनियर होते, असें मांडलें कीं मागील पन्नास वर्षांत माणसानें इंधन जाळून सुमारें १५० अब्ज टन कर्बवायु हवेंत सोडला असून त्यापैकीं पाऊण हिस्सा तेथेंच राहिला आहे. त्यांस त्यांत भय वाटलें नाहीं. उलट उत्तरेकडील थंड मुलखाच्या शेतीस त्यापासून लाभच होईल असें त्यांनीं लिहिलें. विदर्भांतील मे महिना त्यांनीं पाहिला नसावा. १९५८ सालीं अमेरिकेच्या हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर कीलिंग यांनीं या वायूची नित्य मोजणी सुरू केली, तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारें ३१५ भाग भरला. कारखानदारीच्या पूर्वीं तो सुमारें २८० होता. २०२४ सालीं त्याच पर्वतावरील वार्षिक सरासरी ४२४ भागांच्या वर गेली.

आतां यांतील खरी गोम. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या कांहीं निबंधांनीं असें दाखविलें कीं, पृथ्वीची तापवाढ ही अमुक एका वर्षीं किती कर्बवायु सोडला यापेक्षां आजपर्यंत एकंदर किती सोडला या बेरजेवर अवलंबून असते. ओढ्याचा पूर दोन दिवसांत ओसरतो तसा हा वायु ओसरत नाहीं. जेवढा सोडावा त्यांतील सुमारें अर्धा समुद्र आणि वनस्पति व माती हीं मिळून उचलतात, आणि उरलेल्यांतील बराचसा शतकानुशतकें हवेंत राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय मंडळानें २०२१ सालच्या आपल्या अहवालांत असा दर दिला आहे कीं, दर १,००० अब्ज टन कर्बवायूमागें पृथ्वीचें सरासरी तापमान सुमारें ०.४५ अंशानें वाढतें. १८५० पासून २०१९ अखेर सर्व राष्ट्रांनीं मिळून सुमारें २,३९० अब्ज टन सोडले. तापवाढ दीड अंशाच्या आंत राखावयाची, तीहि अर्ध्याअर्ध्या संभवानें, म्हणजे नाणेफेकीइतक्याच भरंवशानें, तर २०२० च्या आरंभीं सुमारें ५०० अब्ज टनांची शिल्लक उरली होती. तेव्हांपासून खर्च दर वर्षीं सुमारें ४० अब्ज टनांचा चालू आहे. २०२४ अखेरच्या पांच वर्षांत दोनशेंच्या आसपास संपले, आणि मधल्या काळांत शास्त्रज्ञांनीं जें फेरगणित केलें त्यांत उरलेली शिल्लक या सरळ वजाबाकीहूनहि कमी भरली. २०२४ हें वर्षच दीड अंशाची रेघ ओलांडून गेलें. एका वर्षानें निकाल लागत नाहीं, दीर्घ सरासरी पाहावी लागते, हें खरें. परंतु खळ्यांतली रास किती राहिली हें पाहण्यास तराजूच लागतो असें नाहीं.

या मांडणीनें एक भ्रम दूर होतो. 'आमचा धूर गेल्या वर्षापेक्षां शेंकडा पांच कमी झाला' असें सांगून एखादा कारखाना शाबासकी मागतो, तेव्हां त्यानें खर्च कमी केलेला असतो, जमा कांहींच केलेलें नसतें. कणगींतून रोज पांच शेर काढणारा माणूस पावणेपांच शेर काढूं लागला म्हणून कणगी भरत नाहीं.

दुसरा हिशेब उष्णतेचा. पृथ्वीच्या सर्व पृष्ठभागावर, रात्र व दिवस आणि ध्रुव व विषुववृत्त यांची सरासरी काढली असतां, दर चौरस मीटरास सूर्यापासून सुमारें ३४० वॅट मिळतात. त्यांपैकीं शंभर वॅट ढग, बर्फ व वाळू यांवरून परत जातात; उरलेले सुमारें २४० पृथ्वी शोषून घेते आणि तेवढेच उष्णतारूपानें परत आकाशांत सोडते. जमा आणि खर्च हे बरोबरीत असतील तोंवर तापमान स्थिर. आज तसें नाहीं. २००६ ते २०१८ या काळांत दर चौरस मीटरामागें सुमारें ०.८ वॅट इतकी उष्णता आंत अडकून राहत होती. आंकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पृथ्वीच्या सर्व पृष्ठभागानें तो गुणिला म्हणजे सर्व मानवजात जितकी ऊर्जा वापरते, तींत वीज, तेल, कोळसा, चुलींतलें लाकूड सर्व आलें, तिच्या सुमारें वीसपट भरतो. गिरण्यांच्या भट्ट्यांची प्रत्यक्ष उष्णता म्हणजे या प्रकरणांत कांहींच नव्हे. भट्टीचा धूर जी उष्णता अडवून धरतो तिचें माप भट्टीहून फार मोठें आहे. आणि या अडकलेल्या उष्णतेपैकीं शेंकडा ९१ समुद्रांत जाते, जमिनीच्या वांट्यास शेंकडा पांच, बर्फ वितळण्यांत शेंकडा तीन, व हवेंत केवळ शेंकडा एक.

समुद्र तापला तर आपणांस काय, असें देशावरील शेतकऱ्यानें म्हणूं नये. आपला पाऊस समुद्रांतून येतो. पुणें येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंत मुख्यत्वें तयार झालेला एक अहवाल केंद्र सरकारनें २०२० सालीं प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें १९५१ ते २०१५ या काळांत हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधांतील पृष्ठभागाचें पाणी सुमारें एका अंशानें तापलें. हवा एका अंशानें तापली म्हणजे ती शेंकडा सात अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून ढग जेव्हां फुटतो तेव्हां तो पूर्वीपेक्षां भरलेला असतो. त्याच अहवालांत असें नमूद आहे कीं, १९५० ते २०१५ मध्यें मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारें शेंकडा ७५ वाढले, आणि जवळजवळ त्याच काळांत देशाच्या मोसमी पावसाचें एकंदर मान मात्र सुमारें शेंकडा सहा घटलें. पश्चिम घाटांत ही घट विशेष दिसते. या घटीस हवेंतील काजळी व धुळीचे सूक्ष्म कण हेंहि एक कारण आहे, सर्व दोष कर्बवायूचा नव्हे. पण एकंदरींत चित्र असें कीं, पाऊस कमी आणि झोड अधिक. जून २०२० मध्यें निसर्ग चक्रीवादळानें रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या केल्या तें कोंकणांतील आमच्या वाचकांनीं डोळ्यांनीं पाहिलेंच आहे. पोफळीची नवी बाग उत्पन्नास येण्यास किती वर्षें लागतात हें त्यांस आम्हीं सांगावयास नको.

आतां करारनाम्याकडे वळूं. कर्बाचीं खातीं दोन आहेत. एक चालू खातें : हवेंतून कर्ब पानांत येतो, पानांतून धान्यांत, गुरांत, शेणांत, मातींत जातो, आणि तेथून कुजून, जळून, श्वासावाटे पुन्हां हवेंत जातो. आज जमा, उद्यां खर्च. दुसरें गाडलेलें मुद्दल : कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या वनस्पति व सूक्ष्म जीव जमिनीखालीं दडपले जाऊन जो कोळसा व जें तेल झालें तें. माणसानें हात लावीपर्यंत हें मुद्दल व्यवहारांत नव्हतेंच. तें एकदां बाहेर काढून जाळलें म्हणजे चालू खात्यांत कायमची भर पडते. कंपनीच्या दाखल्याचा अर्थ असा होतो कीं, कारखानदारानें मुद्दल जाळावें आणि त्याच्या बदल्यांत शेतकऱ्यानें चालू खात्यांत थोडी शिल्लक दाखवावी, आणि दोन्ही रकमा एकमेकींविरुद्ध वजा घालून 'निव्वळ शून्य' असें खालीं लिहावें. आमच्या मतें ही खतावणीच खोटी आहे. अडत्याकडील उसनवारीनें सोसायटीचें कर्ज फिटलें असें कोणी म्हणत नाहीं.

मातींतील कर्ब किती कच्चा असतो हें ज्यानें शेत केलें त्यास ठाऊक आहे. आपल्याकडील उष्ण हवेंत शेणखत भराभर कुजतें; दोन वर्षें खत चुकलें, एक दुष्काळ पडला, जमीन उलटीपालटी खोल नांगरली, कीं दहा वर्षांची कमाई उडून जाते. कोळसा मात्र जळाला तो जळाला. शिवाय माप पाहा. एक एकर जमिनीचा वरचा सहा-साडेसहा इंचांचा थर वजनानें सुमारें ९०० टन भरतो. जुन्या पुस्तकांत वीस लाख पौंड म्हणून जो आंकडा देतात तो हाच. आमच्याकडील पुष्कळ जमिनींत सेंद्रिय कर्ब शेंकडा अर्ध्याहून कमी आहे. समजा तो ०.४ आहे आणि खत, हिरवळ, आच्छादन करून पांच-सात वर्षांत तो ०.५ वर आणिला. वाढ झाली शेंकडा ०.१, म्हणजे एकरीं ९०० किलो कर्ब, म्हणजेच ३.३ टन कर्बवायु. एवढें काम करणारा शेतकरी आमच्या दृष्टीनें मोठाच. परंतु एक हजार मेगावॅटचें कोळशावरील वीजकेंद्र पूर्ण भारानें चाललें असतां एका तासांत नऊशेंहून अधिक टन कर्बवायु सोडतें. त्या एका तासाची भरपाई दाखविण्यास सुमारें २९० एकरांवरील शेतकऱ्यांची पांच-सात वर्षांची मेहनत गहाण पडते. आणि वर्षाचे तास ८,७६० आहेत. १ डिसेंबर २०१५ रोजीं पॅरिसच्या परिषदेच्या वेळीं फ्रान्सनें पुढें आणलेली 'हजारीं चार' ही चळवळ, म्हणजे जगांतील मातींतील कर्ब दर वर्षीं हजारीं चार या प्रमाणानें वाढवावा ही कल्पना, मातीच्या हितासाठीं अत्यंत स्तुत्य आहे. पण ०.४ टक्के कर्बाच्या आमच्या एकरास हा दर लाविला तर वरच्या थरापुरती वार्षिक वाढ चौदा किलो कर्बाची, म्हणजे पन्नास-बावन्न किलो कर्बवायूची होते. तेवढ्यावर कोणाची गिरणी धुऊन निघणार?

येथवर वाचून कोणी असें समजेल कीं, दोष सारा गिरणीवाल्याचा आणि आपण धुतल्या तांदळासारखे. तसें नाहीं, व आमच्या पत्रानें तसें म्हणणें हें सभासदांची खुशामत होईल. पांच अश्वशक्तींचा पंप तासास सुमारें साडेचार युनिट वीज घेतो. आठ तासांची एक पाळी धरली आणि वर्षांत अशा शंभर पाळ्या झाल्या तर ३,६०० युनिट. देशाच्या विजेंत कोळशाचा भाग अद्याप इतका मोठा आहे कीं सरासरी एका युनिटामागें पाऊण किलोच्या किंचित खालीं कर्बवायु पडतो. म्हणजे पंपाचे वर्षास अडीच टन झाले. पांच-सात वर्षांत एका एकरानें जें कमावलें तें एका पंपानें सव्वा वर्षांत खर्चीं टाकलें, आणि हा खर्च गाडलेल्या मुद्दलांतला आहे. युरियाचेंहि तसेंच. पंचेचाळीस किलोच्या पोत्यांतला कर्ब नैसर्गिक वायूंतून आलेला असतो. तो शेतांत पडल्यावर त्यांतून ३३ किलो कर्बवायु सुटतो. कारखान्यांत जळालेला वायु निराळाच. याखेरीज टाकलेल्या नत्रापैकीं साधारणतः शेंकडा एक नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो असें धरतात, आणि हा वायु शंभर वर्षांच्या हिशेबानें कर्बवायूच्या २७३ पट उष्णता अडवितो. एका पोत्यामागें हा भार सुमारें नव्वद किलो कर्बवायूइतका होतो. पिकास न मिळतां उडून गेलेलें हें नत्र आपण पैसे देऊन आणलेलें असतें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. तरी शेजाऱ्याचा ऊंस हिरवा दिसला कीं एक पोतें जास्त फेंकण्याची खोड जात नाहीं.

पाचटाचा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि त्याबद्दल शहरांतील वर्तमानपत्रें गोंधळ करतात. उसाचें पाचट जाळलें म्हणजे जो कर्बवायु सुटतो तो त्याच पिकानें आदल्या वर्षीं हवेंतून घेतलेला असतो. पुढचा ऊंस तो पुन्हां घेतो. आकाशाच्या खात्यांत त्यानें मुद्दल वाढत नाहीं. काजळीचा उपद्रव होतो तो वेगळा. पण शेताच्या खात्याचें पूर्ण दिवाळें निघतें. एकरीं तीन-चार टन पाचट, त्यांतलें नत्र, आणि सर्वांत मोठें म्हणजे तें आच्छादन म्हणून पडून राहतें तर जी ओल राखली असती ती, एका काडीनें जाते. ओलीची किंमत उष्णतेच्या हिशेबानें पाहावी. एक लिटर पाणी वाफ होण्यास पाऊण युनिटाच्या जवळपास ऊर्जा लागते, आणि मार्च महिन्यांत दर चौरस मीटरावर दिवसाकांठीं पांच-सहा युनिटांइतकें ऊन पडतें. जमिनींत ओल असेल तर त्या उन्हाचा मोठा भाग वाफ करण्यांत खर्चीं पडतो आणि शेत गार राहतें. ओल नसेल तर तेंच ऊन माती व वारा तापवितें. आच्छादनानें वाफ मातींतून जाण्याऐवजीं पिकाच्या पानांतून जाते. इंदूर येथें हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचऱ्याचें खत करण्याची जी पद्धत बसविली व १९३१ सालीं पुस्तकरूपानें मांडली, तींत कचरा म्हणजे धन हीच दृष्टि होती. त्यांनीं तें कोणास दाखले विकण्याकरितां केलें नव्हतें.

आतां शिल्लक वांटावी कशी? येथेंच खरें भांडण आहे. २०२० च्या आरंभीं उरलेले ५०० अब्ज टन तेव्हांच्या सुमारें पावणेआठ अब्ज लोकांत माणशीं वांटले असते तर प्रत्येकास ६४ टन आले असते. केवळ कोळसा व तेल धरलें तर हिंदुस्थानांतील सरासरी माणूस वर्षास दोन टनांच्या आसपास खर्च करतो. त्यास हा वांटा तीस वर्षें पुरला असता. अमेरिकेंतील माणूस वर्षास सुमारें पंधरा टन खर्च करतो. त्याचा वांटा चार वर्षांत, म्हणजे एव्हांना, संपला असता. आणि मागील खर्च धरला तर, आजवर जळालेल्या कोळशा-तेलांतला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. जगाच्या लोकसंख्येचा एक षष्ठांशाहून मोठा भाग असलेल्या आपल्या देशाचा शेंकडा तीन-चार. अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं १९९१ सालींच, समुद्र व अरण्यें यांची शोषून घेण्याची शक्ति ही सर्व माणसांची सामायिक मालमत्ता असून ती माणशीं वांटावी, असें ठासून मांडलें होतें.

हें तत्त्व महाराष्ट्रास परकें नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें पाणी पंचायतीचा उपक्रम आरंभिला. त्यांत पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर घरांतील माणसांवर ठरविला : माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचें, भूमिहीनासहि त्याचा वांटा, आणि ऊंस मुळींच नाहीं. ज्याची जमीन मोठी त्याचें पाणी मोठें ही रीत त्यांनीं मोडली. आकाशाच्या बाबतींत आज चालू असलेली रीत मात्र, ज्याचें धुराडें मोठें त्याचा हक्क मोठा, अशी आहे. दाखले विकत घेण्याच्या व्यवहारानें ती मोडत नाहीं, पक्की होते. कारण ज्याचा वांटा संपला त्यास तो शेजाऱ्याच्या वांट्यांतून स्वस्तांत मिळतो. याबरोबरच एक गोष्ट आम्हांस बोलली पाहिजे. दोन टनांची ही सरासरी मेळघाटांतील कोरकू आणि मुंबईंतील बंगलेवाला यांची मिळून आहे. गरिबाच्या आंकड्याआड श्रीमंतानें लपावें, मग तो शहरांतला असो कीं दहा पंपांचा बागाईतदार असो, हें आम्हांस मान्य नाहीं.

आमच्या कांहीं जाणत्या सभासदांचें म्हणणें असें कीं, तत्त्व असूं द्या. कंपोस्ट करावयाचेंच आहे, त्यासाठीं कोणी वर पैसे देत असेल तर नको कां म्हणावें? घरांत आलेली लक्ष्मी कोणी परत लावीत नाहीं. आक्षेप रास्त आहे, व केंद्र सरकारच्या कृषि मंत्रालयानेंहि जानेवारी २०२४ मध्यें अशा ऐच्छिक बाजारासाठीं एक चौकट प्रसिद्ध केली आहे, तेव्हां हे प्रतिनिधि यापुढें अधिकच येतील. शेतकऱ्यास मातीसाठीं मोबदला मिळूं नये असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. जमिनींत पाणी मुरलें, पूर कमी झाला, विहिरी टिकल्या, तर त्याचा लाभ साऱ्या खोऱ्यास होतो आणि खोऱ्यानें व सरकारनें त्याचे पैसे द्यावे. परंतु ते कामाचे द्यावे : इतके एकर आच्छादन केलें, इतके ट्रॉली खत घातलें, इतके बांध घातले. टनाच्या दाखल्यावर, व तोहि दुसऱ्याच्या धुरास परवाना म्हणून, देऊं नये.

आमच्या हातीं आलेल्या करारांत तर याहून अडचणीचीं कलमें आहेत. मोजणींत कर्ब घटलेला आढळला तर त्याची वजावट शेतकऱ्याच्या पुढील रकमेंतून होणार. कारण अवर्षण असो कीं पूर. खोल नांगरट करण्यास वीस वर्षें परवानगी लागणार. जमीन वांटणींत गेली किंवा वांट्यानें दिली तर मुलावर व वांटेकऱ्यावर तीच बंधनें येणार, मात्र वांटेकऱ्यास रक्कम मिळण्याचा उल्लेख कोठेंहि नाहीं. मोजणी कंपनीची, पंच कंपनीचा, आणि तंटा झाल्यास न्यायालय दुसऱ्या राज्याच्या राजधानींतलें. कोणाचा कोळसा आपल्या शेताच्या नांवावर वजा पडणार आहे हें शेतकऱ्यास सांगण्याचें कलम नाहीं. आम्हांस हें शेवटचेंच सर्वांत खटकलें. आपल्या सातबारावर कोणाचा बोजा चढतो आहे हें तलाठ्याकडे विचारतां येतें. येथें तेंहि नाहीं.

संघाच्या कार्यकारी मंडळानें या कराराच्या आजच्या मसुद्यावर सभासदांनीं सही करूं नये अशी शिफारस केली आहे, व आम्ही तीस संपूर्ण अनुमोदन देतों. ज्या चौघांनीं सह्या केल्या आहेत त्यांनीं घाबरून जाऊं नये; पहिली मोजणी होण्यापूर्वीं लेखी नोटीस देऊन बाहेर पडतां येईल असें नवव्या कलमांत आहे, आणि मोजणी अद्याप झालेली नाहीं. नोटिशीचा मराठी व इंग्रजी मसुदा संघाच्या वकिलांनीं करून दिला असून तो कचेरींत विनामूल्य मिळेल. साऱ्या कराराचें मराठी भाषांतरहि तेथें वाचावयास ठेविलें आहे. घरीं नेण्यास मिळणार नाहीं, कारण प्रत एकच आहे. पंप सौर करून घेऊं इच्छिणाऱ्या सभासदांनीं विहिरीची उन्हाळ्यांतील पातळी लिहून आणावी. ऊन फुकट मिळूं लागलें म्हणून विहीर तळाला लावण्यास संघ मदत करणार नाहीं. मातीचे नमुने पेरणीपूर्वीं घेणें अवश्य आहे. एका शेतांतून आठ-दहा ठिकाणची माती घेऊन ती मिसळून अर्धा किलो आणावी, बांधाजवळची व उकिरड्याजवळची घेऊं नये, आणि पिशवीवर गट क्रमांक पेन्सिलीनें लिहावा. शाईनें लिहिलेले गेल्या वर्षीं निम्मे पुसले गेले होते.